दादा, गारी काढा

माझी बायको उरण नाक्यावर बोलायला लागली की टपाल नाक्यावरचं कुत्रं उठून बसायचं. हे मी कौतुकाने सांगत नाही. मी त्या आवाजाबरोबर संसार केला आहे, तो किती वाजतो मला माहीत आहे. आमचं भांडण झालं की शेजारच्या बायका मध्ये पडायला येत नसत. आपापल्या घरात बसूनच मत देत.

पनवेलात तिला नावाने कोणी ओळखत नव्हतं. भोंगेवाली म्हटलं की कळायचं. रस्त्यावरच्या गाड्या उचलणारी जी टोइंगची व्हॅन असते, तिच्यात ड्रायव्हरच्या शेजारी माइक घेऊन बसायची ती. ज्यांच्या गाड्या उचलल्या गेल्या ते अजून तिच्या नावाने बोटं मोडतात. मोडोत. ती गेली. आता मोडून बोटंच दुखतील.

आधी ती मासळी बाजारात बसायची. एकदा बाजाराच्या तोंडाशी व्हॅन आली. तिच्यावर एक बारीक पोरगा होता, तो माइकमध्ये असा पुटपुटत होता की जणू सासूसमोर उखाणा घेतोय. कोणाला काही ऐकू जाईना, आणि गाड्या तर उचलायच्या. हिने पाटीवरूनच हाक मारली, "ए लाल गारीवाल्या! पापलेट मंग घे, आधी गारी वाचव!" लाल गाडीचा एकच मालक असायला हवा होता, पण चार जण धावत आले. दोघांच्या गाड्या तर लाल नव्हत्याच. व्हॅनच्या ठेकेदाराने हे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी घरी आला. पाटी उचलून तिची कंबर गेलीच होती. ती म्हणाली, "बसून बोंबलायचं ना? मंग येते."

कामात तिची पहिली भांडणं झाली ती आकड्यांवरून. ती नंबर मराठीत सांगायची. शेहेचाळीस, एकोणऐंशी, त्र्याण्णव. गाडी उचलली की कोणी तरी केस उभे केलेला पोरगा यायचा आणि म्हणायचा, "माझा नंबर पुकारलाच नाही." ती म्हणायची, "पुकारला. एकोणऐंशी." तो म्हणायचा, "एकोणऐंशी म्हणजे किती?" शेवटी हवालदाराने सांगितलं, "मावशी, इंग्लिशमध्ये बोलत जा, तक्रारी येतात." तर ही माइक चालू ठेवूनच म्हणाली, "पनवेलात ऱ्हातो नि एकोणऐंशी कलत नाय, त्याला गारी दिली कोनी?" सगळ्या बाजाराने ऐकलं. मला आजही वाटतं, गाडीचं लायसन देण्याआधी पाढे म्हणवून घ्यावेत. निम्मे रस्ते मोकळे होतील.

आणि गाडीवाले! मी जन्मभर तळोज्याला कारखान्यात पाळ्या केल्या, सायकलच्या वर गेलो नाही, म्हणून मला हसू येत असेल. पण बायको हरवली तर माणूस जेवढा धावणार नाही, तेवढा गाडी उचलली की धावतो. अर्धी दाढी झालेला, गळ्यात सलूनचा टॉवेल घेऊन धावतो. एक जण वडापाव हातात धरून आला आणि म्हणाला, "मावशी, पेशंट सिरियस हाय हो." ही म्हणाली, "कुठला? ह्यो हातातला? खाऊन टाक, सुटंल बिचारा." सगळ्यांचं एकच बोलणं, दोन मिनिटं. "मी दोनच मिनिटं लावली होती." ती म्हणायची, "ह्यांची दोन मिनिटं म्हंजे नवसाला बोललेला बोकड. देतो देतो करतात, नि बोकडाची नातवंडं चरतात."

तिची सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे आजीची. लोकांनी एक नवीन अक्कल काढली होती. गाडीत माणूस बसलेलं असलं की व्हॅनवाले गाडी उचलत नाहीत, म्हणून घरातलं म्हातारं माणूस गाडीत राखणीला ठेवून खरेदीला जायचं. कुलूप लावावं तशी आजी लावायची. एकदा कापडाच्या दुकानासमोर, बरोबर नो पार्किंगच्या पाटीखाली अशीच एक आजी बसली होती, काचा बंद, घामाने भिजलेली. हवालदार म्हणाला, चला पुढे, आत माणूस आहे. ही खाली उतरली, काचेवर टिचकी मारली, आणि आजीला हाताला धरून व्हॅनमध्ये आणून बसवलं. चहा मागवला. मग माइक घेतला नि बोलली, "कापडाच्या दुकानातल्या सूनबाई, सासू आमच्याकडं हाय, गारीपन नेतो. आधी काय सोडवायचं ते ठरवून या." लेक आणि सून धावत आले ते गाडीकडे. आजी व्हॅनमधून बघत होती. ती ड्रायव्हरला म्हणाली, "बाळा, उचल तू. बिनधास्त उचल."

व्हॅनवरच्या हवालदाराबद्दल फार लिहीत नाही. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याकडे पावतीचं जे मशीन होतं ते माणूस ओळखायचं. दूधवाल्याची स्कूटर दिसली की मशीन टकटक चालायचं. गॉगलवाल्याची मोठी गाडी दिसली की मशीनची बॅटरी संपायची. ही त्याला विचारायची, "काय हवालदार, बॅटरीला घाम फुटला का?" तो नुसता हसायचा. अशा हसण्यावरच त्याने नोकरी काढली.

आता तिच्या भावाचं सांगतो, कारण ते टाळून तिचं काहीच सांगता येत नाही.

भाऊ तिच्या पाठचा. आई लवकर गेली म्हणून हिनेच त्याला कडेवर वाढवला. ही त्याला बाल्या म्हणायची. पुढे सरकारात जमिनी गेल्या, पैसे आले, आणि बाल्याचा दादा झाला. गळ्यात साखळी आली, मागे चार रिकामे मित्र आले, आणि काळी गाडी आली, आमच्या खोलीत मावणार नाही एवढी. नंबर असा शोधून घेतला आणि असा वाकवून लिहिला की पाटीवर आकडा दिसूच नये, ‘दादा’ असं वाचावं. शाळेत त्याला दादा लिहायला सांगितलं असतं तर मात्रा दिली असती.

ही गाडी त्याने एका सकाळी टपाल नाक्यावर, वळणावरच, एका हॉटेलसमोर लावली आणि मित्रांना घेऊन मिसळ खायला बसला. व्हॅन आली. तिथल्याच रांगेतून एका दूधवाल्याची स्कूटर आताच उचलली होती, आणि तो बिचारा व्हॅनला धरून उभा होता. पुढची गाडी ही. हवालदार हळूच म्हणाला, "मावशी, ही तुमच्या भावाची. बॅटरी पण नाही." दूधवाला तिच्या तोंडाकडे बघत होता. तिने माइक घेतला. नंबर तर वाचता येईना. मग जे लिहिलं होतं तेच तिने वाचलं.

"काळी गारी. दादा. दादा, गारी काढा."

हॉटेलात ते ऐकू गेलं. पुढचं मला तिथल्या वेटरने सांगितलं. बाल्या मित्रांना म्हणाला, "बघा. आमची बायपन आता आपल्याला दादा बोलते." आणि वर म्हणाला, "आपली बहीन हाय वॅनवर. चहा सांग रे." तिने पुन्हा पुकारलं. आणखी एकदा पुकारलं. जन्मात तिने त्याला दादा म्हटलं नव्हतं, अहोजाहो केलं नव्हतं. त्यावरूनच त्याने समजायला हवं होतं की आता ती बहीण म्हणून बोलत नाही. पण पैसा आला की कानात तोच पहिला जातो. चहा येईपर्यंत गाडीची पुढची चाकं वर होती.

तो मित्रांच्या देखत व्हॅनमागे धावला. मित्रच जास्त हसले. गाड्या जमा करतात त्या मैदानावर तो तिच्यासमोर उभा राहून ओरडला, "बाय, चार मान्सांत माजी अब्रू उचललीस तू!"

ती म्हणाली, "अब्रू तिथंच व्हती वल्णावर. गारी तेवडी उचलली. पावती फाडा नि न्या, दादा."

"तू माजी बहीन नाय," तो म्हणाला, आणि गेला.

भाऊबीजेला तो आला नाही. पुढच्याही नाही. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात, तशी ही तबक घेऊन जिन्यात उभी राहायची. भाऊ इथे पनवेलात जिवंत, रोज मिसळ खातोय, आणि ही चंद्राला ओवाळतेय. मी म्हणालो, "चंद्र बरा. गाडी तरी आणत नाही." ती हसली नाही. म्हणाली, "माजी चूक व्हती असं मी बोलनार नाय. दूधवाला बघत व्हता. त्यानं एकदा चारचौघांत बोलावं, बाय, तुजं बराबर व्हतं. मंग मी त्याच्या दारात जाऊन ओवालीन." तो सांगून पाठवायचा, आधी बायने चूक मानावी. दोघं एकाच आईची. मी मध्ये पडलो नाही. दोन रेड्यांच्या मध्ये माणसाने पडू नये.

मग तिला दम लागायला लागला. एक नंबर पुकारला की दुसऱ्यासाठी श्वास पुरेना. डॉक्टर म्हणाले हृदय मोठं झालंय. मी म्हटलं, मोठं होतंच, आता काय नवीन. ती घरी बसली. पण ठेकेदार हुशार. बसण्याआधी त्याने तिचा आवाज भरून घेतला. ज्याचा त्याचा नंबर नाही, नुसतं सगळ्यांना सांगणं. व्हॅन निघाली की ते वाजायचं. ती खाटेवर पडून खिडकीतून स्वतःलाच ऐकायची आणि म्हणायची, "घाई केली मी. जरा दमानं बोलायला पायजे व्हतं."

एका दुपारी, भात टाकते म्हणून उठली ती गेलीच. आतून आवाज आला नाही, त्यावरूनच मी समजलो.

भाऊ मसणात आला होता. मागे उभा राहिला, कोणाशी न बोलता गेला. दहाव्याला नदीच्या घाटावर आला तोही तसाच. काळी गाडी घाटाच्या तोंडावर आडवी लावून, डोळ्यांवर गॉगल, भिंतीला टेकून उभा.

पिंड ठेवले. कावळे झाडावर भरपूर होते, पण एक खाली येईना. लोक म्हणाले, जीव कशात तरी अडकलाय, काही तरी कबूल करा. माझी पोरगी हात जोडून म्हणाली, "आये, मी बाबाला रोडपालीला माझ्याकडे नेईन." कावळा हलला नाही. मीही हललो नाही. कोणी चहा ठेवला. कोणी म्हणालं, तुमच्या नवऱ्याला चहा कमी करायला लावू. लोकांची अक्कल. शेवटी एक म्हातारी बोलली, "तिचा जीव भावात हाय. बाल्या, ये पुढं. बोल काय त."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो पुढे आला, हात जोडले, आणि म्हणाला, "मी काय बोलू? चूक तर तिची..." पुढचे शब्द त्याला येईनात, मागचे घेता येईनात.

तेवढ्यात वरच्या रस्त्याला व्हॅन लागली. तिची रोजचीच फेरी ती. आणि भोंगा वाजला.

"रस्त्यात गारी लावू नका. लावलीव त काढा. नायतर आमी उचलनार, मंग बोंबलू नका!"

तिचाच आवाज. पहिला पळाला तो बाल्या. चप्पल घाटावरच टाकून, अनवाणी, पायऱ्यांवर ठेचकाळत, खिशात किल्ली शोधत. "काढतो, बाय! काढतो!" असं ओरडत गेला. मग सगळेच पळाले. घाटावर आलेल्या एकाचीही गाडी नीट लावलेली नव्हती. जावई पळाला, त्याच्यामागे पोरगी पळाली. भटजी स्कूटरसाठी पळाला.

मला गाडी नाही. मी एकटाच बसून तिचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. व्हॅन पुढे गेली. घाट रिकामा झाला, तसा एक कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. गर्दी हटली म्हणून उतरला असेल. कावळ्याला काय, मोकळी जागा लागते.

सगळ्यांच्या आधी बाल्या परत आला. धापा टाकत होता, अंगठ्यातून रक्त येत होतं. गॉगल कुठे तरी पडला होता.

"भावजी, शिवला?"

"शिवला."

तो पिंडाच्या पानासमोर बसला आणि खाली मान घालून पुटपुटायला लागला, "बाय, तुजं बराबर..."

"थांब," मी म्हणालो. "लोकांना येऊ दे."

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला समजलं. तो तसाच बसून राहिला. एकेक माणूस किल्ल्या खिशात घालत परत आला. पोरगी आली, म्हातारी आली, भटजी आला. बाल्या उठला, सगळ्यांकडे तोंड केलं आणि बोलला. नदीच्या पलीकडे एक बाई कपडे धूत होती, ती हात थांबवून बघायला लागली. आवाज शेवटी त्याच घरातला.