भरलेल्या पिना

आमच्या वर्कशॉपात काहीही फेकत नसत. माजरीच्या कोळसा खाणीतून झिजलेले शाफ्ट ट्रकमधून यायचे, मिस्त्री त्यांच्यावर वेल्डिंगचा थर चढवायचे, लेथवर लावून पुन्हा मापात आणायचे, आणि शाफ्ट परत खाणीत जायचा. याला आमच्याकडे 'भरणं' म्हणत. त्यात लबाडी काही नव्हती. खाणवाल्यांना सगळं ठाऊक असायचं, काम स्वस्तात व्हायचं, आणि भरण्यात आमच्या मिस्त्रींचा हात धरणारा चंद्रपुरात दुसरा कुणी नव्हता. ऐंशीच्या दशकात डिप्लोमा करून मी तिथे माल तपासायला लागले, तेव्हा त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं होतं, "बाई, आपल्या इथी भंगारवाला उपाशी मरते."

मालकांना सगळे चाचा म्हणत. चंद्रपूरच्या जुन्या परकोटाच्या आत वडिलांचं लोहारकाम होतं, त्यातून त्यांनी हे वर्कशॉप उभं केलं होतं. खाणीच्या कामाला ते कंटाळले होते, काहीतरी नाव काढणारं काम हवं होतं. नागपूरच्या एका ठेकेदार कंपनीकडून ते मिळालं. विमानाची चाकं जिथून बाहेर येतात त्या दाराच्या बिजागरीतल्या पिना. अर्ध्या आम्ही करायच्या, अर्ध्या नागपूरचा एक शेठ करणार होता. ज्याचा माल चोख, त्याला पुढचं सगळं काम. शेठ आमच्यासारखाच खाणीच्या दुरुस्तीतून वर आलेला माणूस होता, फक्त त्याच्या मशिनी नव्या होत्या आणि बोलणं गोड होतं. चाचा त्याचं नाव काढलं की पान थुंकायला उठायचे.

मी मुळात भित्री. घरी पाल दिसली तर आईला हाक मारणारी. त्यात विमान! एकेक पीन मी मायक्रोमीटरमध्ये धरायचे, खाली ठेवायचे, पुन्हा उचलायचे. मिस्त्री चिडवायचे, "बाई, पीन आहे ते, नवरदेव नाई." पहिली पेटी मापात उतरली. ती नागपूरला रवाना झाली त्या दिवशी चाचांनी सगळ्यांना समोसे खाऊ घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मिस्त्री खुशीत होते. बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "तीन पिना जास्त कटल्या होत्या बाई. कमी मापात गेल्या. भरून घेतल्या ना मी. एकबी फेकू देली नाई."

मी कप खाली ठेवला. "विमानाच्या पिना भरल्या?"

"मंग? काऊन, माप तं बरोबर आलं ना तुमचं?"

माप बरोबरच आलं होतं. हीच तर भीती होती. वर पॉलिश केल्यावर भरलेली पीन आणि अखंड पीन जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. वेल्डिंगच्या उष्णतेनं शेजारचं पोलाद आतून ठिसूळ होतं, तिथे बारीक चीर पडते आणि ती वाढत जाते. शाफ्ट खाणीत तुटला तर एक पाळी बंद पडते, लोक शिव्या देतात, संपलं. ही पीन तुटली की चाकाचं दार अडकणार. आत माणूस बसलेला असणार आणि त्याला जमिनीवर उतरायचं असणार.

चाचांना सांगितलं तर काम जाणार, बहुतेक माझी नोकरीही. आमच्या वस्तीत नोकरी लागलेली मी पहिलीच मुलगी, मूल गावातल्या राईस मिलमध्ये पोती उचलणारे बाबा ओळखी-अनोळखी सगळ्यांना थांबवून हे सांगत. आणि सांगितलं नाही तर? 'तर'च्या पुढे मला विचार करवेना. शेवटी जाऊन चाचांना सांगितलं.

चाचा ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत, हे जास्त भीतीदायक होतं. त्यांनी नागपूरला ट्रंक कॉल लावला, तो लागेना. मग टोपी डोक्यावर ठेवली. "चल बेटी, पेटी वापस आणू."

"काम जाईल ना चाचा."

"जाऊ दे. तो पायलट कोणाचा तरी पोरगा असन ना."

नागपूरची एस.टी. निघाली. भद्रावती गेलं, वरोरा गेलं. पेटी पुढे विमानाच्या कारखान्यात गेली असेल तर, एवढं एकच डोक्यात फिरत होतं. बाजूची बाई मला चिवडा देत होती आणि मला तो गिळवत नव्हता.

पेटी तिथेच होती, ठेकेदार कंपनीच्या साहेबांच्या टेबलाशेजारी. आणि समोरच्या खुर्चीवर शेठ बसला होता. त्याच्यासमोर चाचा बोलणार नाहीत, त्याला बाहेर जाऊ देतील असं मला वाटलं. पण चाचा उभ्या उभ्याच म्हणाले, "साहेब, यातल्या तीन पिना वेल्डिंगनं भरलेल्या आहेत. कोणत्या ते वरून दिसत नाई. सगळी पेटी वापस द्या."

साहेबांनी पेटी दिली. पुढचं काम शेठकडे जाईल, हेही त्याच दमात सांगितलं. मला रडू येत होतं आणि हायसंही वाटत होतं. पेटी मी पोटाशी धरली, कुणी हिसकावून घेईल म्हणून.

जिन्याशी शेठ आमच्या मागे आला. चेहरा उतरलेला. आता खिजवणार, असं मला वाटलं. त्यानं हळूच विचारलं, "चाचा, भरलं तं काय होते?"

चाचांनी सांगितलं, चीर कशी पडते ते. शेठनं जिन्याचा कठडा धरला.

"माझी पेटी मागच्या आठवड्यातच पुढे गेली."

"त्यात भरलेल्या होत्या? किती?"

"कोण मोजते? जास्त कटली का भरली. आपली सवयच आहे ना."

"वर चल. साहेबांना सांग. मी येतो सोबत."

शेठनं मान हलवली. "तुमचं गेलं म्हणून माझंबी घालवता का?" तो भराभर जिना उतरला, स्कूटरला किक मारली आणि गेला.

आम्ही पुन्हा वर गेलो. चाचांनी सगळं सांगितलं, पिनेवर तेजाब टाकलं की वेल्डिंगचा थर दिसतो हेही सांगितलं. साहेब आधी ऐकत होते, मग त्यांच्या ओठांवर हसू आलं. "चाचा, काम गेल्यावर पाच मिनिटांत दुसऱ्याच्या मालात खोट? हे शोभत नाही तुम्हाला." चाचांनी हात जोडले. मी मध्ये बोलले, काय बोलले ते मलाच कळलं नाही. साहेबांनी घंटी वाजवून शिपायाला बोलावलं आणि आम्हाला दार दाखवलं. थोड्या वेळापूर्वी खरं बोललो होतो म्हणूनच आता आमच्यावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं.

पुढे चाचांनी विमानाच्या कारखान्यालाही कळवलं. उत्तर आलं नाही. त्या पिनांचं काय झालं, ते मला आजही माहीत नाही.

त्या दिवशी आम्ही चंद्रपूरला परतलो तेव्हा मिस्त्री फाटकाशीच उभे होते, घरी गेले नव्हते. दुपारी कुणीतरी त्यांना भरलेल्या पिनेचं काय होतं ते समजावून सांगितलं असावं. त्यांचे डोळे लाल होते. माझ्या हातातली पेटी पाहून ते धावत आले.

"आणल्या बाई? साऱ्या आणल्या?"

चाचा आत गेले. मिस्त्री माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"आपल्या आणल्या," मी म्हणाले.