आसरांची जागा

आमच्या बारवेत उतरलं की समोरच्या भिंतीत एक रिकामा कोनाडा दिसतो. अलीकडे शिकलेली मंडळी कॅमेरे घेऊन येतात, पायऱ्या आणि कमानी बघून खूश होतात आणि त्या कोनाड्यापाशी आली की चुकचुकतात. मागे एक प्राध्यापक माझ्यादेखत म्हणाले, "काय अडाणी लोक! एवढं जुनं शिल्प फोडून टाकलं." मी गप्प बसले, कारण ते पाहुणे होते आणि त्यांच्या हातातला चहा मीच दिलेला होता. पण राग आला, तो काही अजून गेलेला नाही. म्हणून सांगते.

दुष्काळी कर्जत तालुक्यातल्या या गावात मी गुरवाच्या घरची सून म्हणून आले, तेव्हा इंग्रजांचं राज्य जायच्या बेतात होतं. गावाबाहेर महादेवाचं दगडी देऊळ आणि त्यापुढे बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर. तिच्या तळाशी भिंतीत एक लांबट दगड बसवलेला होता. त्यावर साती आसरा कोरलेल्या, पाण्याच्या सात देवी, बाजाराला निघालेल्या बहिणींसारख्या एकमेकींना खेटून उभ्या. बाळंतीण सव्वा महिन्यानं पहिल्यांदा पाण्याला आली की आधी त्यांना हळदीकुंकू वाहायची आणि मगच घागर बुडवायची.

देवळाची पूजा माझ्या सासऱ्यांकडे होती. पण महादेवापेक्षा त्यांचा जीव या सातजणींवर. रोज सकाळी धोतराच्या सोग्यानं त्यांची तोंडं पुसत. सासूबाई म्हणायच्या, "माजं तोंड यांनी जल्मात कदी पुसलं न्हाई." जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या सरकारी खात्याचे एक साहेब पूर्वी येऊन तिथे पाटी लावून गेले होते, की इथल्या दगडाला कुणी हात लावू नये. सासऱ्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण त्या पाटीचा तोरा असा की जणू त्यांच्याच नावाची आहे.

मग पावसानं सलग दोन वर्षं तोंड फिरवलं. बारव तळाला गेली आणि मला नेमके तेव्हाच दिवस भरत आले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण वडिलांचा निरोप आला, इकडेही प्यायला पाणी नाही, पोरीला तिकडेच राहू द्या. आमच्या गावातली घरं एकेक करून बैलगाड्या भरत होती, नदीकाठाला जायला. आमची गाडीही वंगण घालून तयार होती. उन्हातान्हात, वाटेवर, गाडीच्या आडोशाला आपण बाळंत होणार, या भीतीनं मी रात्री उठून त्या गाडीकडे बघत बसायची.

बारवेत ओल उरली होती ती एकाच ठिकाणी, आसरांच्या दगडाखाली. त्यांच्या पायातून पाणी झरतं, अशी आमची समजूत. पण दगडामागे झरा आहे, हे आंधळ्यालाही कळलं असतं. दगड काढून मागचा कातळ फोडावा, असं गाव म्हणू लागलं. परवानगीसाठी पाटलांनी पाटीवाल्या साहेबांना बोलावून घेतलं.

साहेब आले आणि थेट तळाशी जाऊन त्या दगडासमोर बसले. कितीतरी वेळ त्यावरून हात फिरवत होते. वर आल्यावर सासऱ्यांना म्हणाले, "गुरवबुवा, असं काम मी दुसरीकडे कुठं पाहिलं नाही. पडलेलं घर परत बांधता येतं. हे एकदा फुटलं की परत कोण घडवणार?" ते ढोंग नव्हतं. सासूबाईंनी त्यांच्यापुढे तांब्या ठेवला. त्यांनी एक घोट घेतला, माझ्याकडे नजर गेली, माझं पोट दिसलं, आणि तांब्या तसाच माझ्या बाजूला सरकवला. "परवानगी देणं माझ्या हातात नाही," ते म्हणाले. "पण काढायचाच झाला तर अखंड निघतो का बघा. सुरुंग लावू नका." एवढं बोलून ते गाडीत बसले. त्या माणसाचा मला कधी राग आला नाही.

सासऱ्यांची मात्र कोंडी झाली. पिढ्यांची सेवा एकीकडे आणि मी एकीकडे. शेवटी ते म्हणाले, देवालाच विचारू, कौल लावू. आमच्याकडे पिंडीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. सगळं गाव देवळात जमलं. सासऱ्यांनी पाकळ्या हातात घेतल्या आणि भिजवायला पाणी मागितलं. तांब्या घेऊन सासूबाई उंबऱ्याशी उभ्या होत्या. त्यांनी तो पदराखाली घेतला.

"न्हाई द्यायची," त्या म्हणाल्या. "देवावर कशापायी ढकलताय? तान आपल्याला लागलीया. पाप असंल तर ते बी आपुनच घिऊ."

भरल्या गावात त्या नवऱ्याला असं बोलल्या. मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. पण सासऱ्यांनी कोरड्या पाकळ्या देवापुढे ठेवल्या, देवळाबाहेर आले आणि म्हणाले, "पहार आना. पयला घाव मी घालनार."

दगड अखंड काढायचा सगळ्यांनी जिवापाड प्रयत्न केला. चहूबाजूंनी सांधे मोकळे केले, खाली गवताच्या पेंढ्या अंथरल्या. पण तो भिंतीत फार आतवर रुतलेला होता. सुटता सुटता मधोमध तडकला आणि दोन देवींचे चेहरे ढलप्यांसारखे उडाले. मागचा कातळ फोडल्यावर पाणी आलं. माणसं नाचत होती, आणि सासरे ते ढलपे धोतराच्या सोग्यात गोळा करत होते. मला त्या वेळी पाण्याचा आनंदही झाला आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

भंगलेली मूर्ती पुजायची नाही, ती पाण्यात सोडायची, असा नेम. सासऱ्यांनी सगळे तुकडे बारवेत जिथं पाणी खोल साठलं होतं तिथं आपल्या हातानं सोडले. आमची गाडी सुटली नाही. मला घरातच मुलगी झाली, आणि तिची पहिली आंघोळ त्याच पाण्यानं झाली.

सव्वा महिन्यानं मी घागर घेऊन बारवेत उतरले. कोनाडा रिकामा. हळदीकुंकवाची वाटी हातात धरून मी तशीच उभी, वाहायचं कुठं तेच कळेना. सासरे वरच्या पायरीवर बसलेले होते. तुकडे पाण्यात सोडल्यापासून ते खाली उतरले नव्हते.

"पान्यात सोड, पोरी," ते वरून म्हणाले. "त्या तितंच हायेत."

मी हळदीकुंकू पाण्यात सोडलं, घागर भरली आणि वर येऊन पहिला तांब्या त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही.

"आदी तू पी," ते म्हणाले. "तुज्यासाटी उठल्या त्या जागच्या."

मी तिथंच पायरीवर बसून प्याले. पाणी गार होतं, आणि मला रडू आवरत नव्हतं.