बारवेच्या तिसऱ्या पायरीपासून पुढं

२०२३ साली, पंच्याहत्तरी ओलांडताना, मी एक गोष्ट छातीवर हात ठेवून सांगायला मोकळा झालो. नांदेड आणि लातूर हे दोन जिल्हे धान्यासारखे पाखडले, तरी आमच्या व्याह्यांइतका निर्लज्ज, चिकट आणि कानाचा पक्का माणूस सुपात दुसरा उरणार नाही. मी चौथी पास गवंडी. नायगावाकडच्या कितीतरी भिंती माझ्या हातच्या, एकही ओळंब्याबाहेर नाही. व्याही लातूरचे, लग्नाच्या बँडमध्ये क्लारनेट वाजवणारे. सगळा मुलूख त्यांना मास्तर म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. माझी लेक त्यांच्या घरात दिली नसती तर मी त्यांना दारात उभं केलं नसतं, आणि हे मी त्यांच्या तोंडावर अनेकदा सांगितलेलं आहे. त्यावर ते म्हणतात, "दारात न्हाई तर वसरीत बसतो की, व्याहीबुवा. तुम्ही फकस्त तिसरी पायरी सांगा."

ही तिसरी पायरी काय, ते सांगतो. पण आधी माणूस सांगतो. क्लारनेटच्या तोंडाला लावायची बोरूची पत्ती ओली लागते म्हणून हे गृहस्थ ती सदा गालात धरून असतात. बोलताना ती डावीकडून उजवीकडे सरकते. चहा आला की पत्ती आधी चहात बुडवतात, मग स्वतः पितात. क्लारनेट छत्रीच्या खोळीत घालून बगलेत. मयतीला जातानासुद्धा. एकदा आमच्याकडं यायला निघाले आणि नांदेडच्या स्टँडवर एक म्हातारी काहीतरी गुणगुणताना त्यांनी ऐकली. झालं! तिच्यामागं किनवटच्या गाडीत चढले. इकडं आमच्या घरी पुरणाचा स्वयंपाक होऊन बसलेला. तिसऱ्या दिवशी उगवले, सदरा मळलेला, डोळे चमकताहेत. "व्याहीबुवा, इस्लापूरला गेलतो! तिकडं बी हाय आपलं गाणं! तिकडं गाण्यातली सून सासऱ्याला वासराचं सांगत न्हाई, बैलाचं सांगती!" पुरण विटलं त्याचं त्यांना काही नाही.

आता गाणं. ते माझ्या आईचं. बारव खोदली, पाणी लागेना. जाणत्यांनी सांगितलं, थोरली सून आत उतरली पाहिजे. ती सात पायऱ्या उतरते. दर पायरीला थांबते आणि वर उभ्या घरच्या माणसांना घरातलं एकेक काम सांगते. खालून पाणी चढत येतं. रडणं नाही, शिव्याशाप नाही. आई म्हणायची,

पहिल्या पायरीला गोदा बोले, आत्याबाई चुलीकडं बघा,
दूध ठेवलंय उतू जाईल, झाकण त्याचं अर्धं उघडा.

दुसऱ्या पायरीला गोदा बोले, वासरू बांधलंय उन्हाला,
सावलीत त्याला घ्या मामंजी, तहान लागंल तान्ह्याला.

माझ्या लेकीच्या लग्नात, तीस वर्षांमागं, आमच्या अंगणात हळद दळायचा कार्यक्रम चालला होता. जात्यावर फक्त सवाष्णी बसतात, आई बाजूला बसून गाणं सांगत होती. नवरदेवाचा बाप जानवशाच्या घरी पान खात बसायचा, तर हा माणूस आवाजाच्या मागं मागं आला आणि पायात बुटं तशीच ठेवून बायकांच्या घोळक्यात उकिडवा बसला! दोन पायऱ्या झाल्या तोवर कुणाला पत्ता नाही. मग एकीनं बूट बघितला. जी ओली हळद हाताला लागली ती त्यांच्या तोंडावर, कानात, टोपीत. पिवळे जर्द होऊन फाटकाबाहेर पळाले आणि तिथून ओरडले, "आजी, फुडं काय? तिसरीला काय म्हणती?" आई हसून हसून बेजार झाली, पण बायकांनी तिला पुढं गाऊ दिलं नाही. अशी त्यांच्या हाती दोनच पायऱ्या लागल्या.

पंधरा दिवसांत त्यांनी त्या क्लारनेटवर बसवल्या. सुरुवातीला संथ, आईच्याच चालीनं. पण गाणं दोन पायऱ्यांवर तोडता कसं येणार? म्हणून तिसरीपासून ते मनचं वाजवायला लागले. रोज नवं. काल वाजवलेलं आज नाही. लोकांना वेड लागलं. नायगावच्या बँडनं उचललं, त्यांनी ठेका दुप्पट केला. धर्माबादकडं गेलं, तिथं तेलुगू लग्नांतला ताशा त्यात शिरला. उदगीरच्या बँडात दोन क्लारनेटवाले समोरासमोर उभे राहून तिसरी पायरी एकमेकांना सवाल-जबाबासारखी टाकू लागले. बँडवाल्यांत बोलायची पद्धतच पडली, "त्याची तिसरी पायरी ऐकली का?" म्हणजे त्या वाजवणाऱ्यात किती दम आहे ते ऐकलं का. आणि शेवटी आले डीजेवाले. त्यांनी विहीर पार बुजवली आणि नुसत्या पायऱ्या ठेवल्या. पैली पायरी म्हटलं की पोरं थोडी वाकतात, दुसरीला आणखी, सातवीला सगळी वरात रस्त्यावर बसलेली, आणि मग धाडकन उडी! माझ्या आईच्या गाण्यातली सून पाण्यात बुडतीय आणि हे उड्या मारून राहिले!

मला राग आला तो उतरला नाही. आईला मात्र नव्हता. एकदा बाजारात बँड ऐकून ती थांबली आणि म्हणाली, "बरं वाजवितंय की रं. पाय तेवढा घाईत हाय त्याचा." पण मी शपथ घेतली, पुढच्या पाच पायऱ्या मास्तरला मिळणार नाहीत. आई गेली, तिच्यासोबतच्या बायका गेल्या, आता त्या पायऱ्या होत्या फक्त माझ्या डोक्यात. मास्तरांनी मागायचं सोडलं नाही. बारशात मागितल्या. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्यावर पट्टी, तेव्हा कानाशी येऊन मागितल्या. आईच्या दहाव्याला, कावळा शिवायची वाट बघत सगळे गप उभे, तर शेजारून हळूच, "आता तरी तिसरी..." मी नदीच्या काठावर त्यांच्याकडं असं बघितलं की कावळाही उडाला.

मग आली आमच्या दोघांच्या नातीची सोयरीक. लग्न लातूरला. मी आठ दिवस आधी निरोप धाडला, बारव वाजली तर मी अक्षता न टाकता उठून जाईन. मास्तरांचा उलट निरोप, दात हलायला लागलेत, हे शेवटचं लग्न, बारव वाजणारच. घरात सगळ्यांची तोंडं सुकली. नात माझ्यापुढं येऊन बसली. "आबा, तुम्ही उठून गेलात तर मी कुणाच्या पाया पडू?"

"मास्तरच्या पड," मी म्हणालो. बोललो आणि वाईट वाटलं, पण शब्द फिरवायची मला सवय नाही.

लग्नाच्या दिवशी दुपारी परण्या निघाला. नवरदेव घोड्यावर, मारुतीच्या देवळाकडं मिरवणूक. नवरीच्या आज्यानं मांडवात पाहुण्यांचं बघायचं, तर हे आजोबा फेटा बांधून नवरदेवापुढं, बँडच्या मधोमध! मी हॉलच्या पायरीवर पिशवी हातात घेऊन उभा. पोरं ओरडायला लागली, "बारव! बारव!" डीजेवाल्यानं हात वर नेला. मास्तरांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. तो थांबला.

आणि मास्तरांनी पहिली पायरी वाजवली. काय सांगू! संथ. जात्याच्या फेऱ्यासारखी. पोरं वाकायच्या तयारीत होती, ती तशीच अर्धी वाकून राहिली. घोडासुद्धा कान टवकारून उभा. दुसऱ्या पायरीला वासरू उन्हात उभं दिसलं मला, खोटं नाही सांगत. मग तिसरी आली. तिथं ह्या माणसाकडं शब्द नाहीत, चाल नाही, नुसती पोकळी, आणि त्या पोकळीत त्यांनी उडी घेतली. सूर असा वर गेला की मला वाटलं दात निघून पडणार. खाली आला, घुटमळला, मागं वळून बघितल्यासारखा झाला, पुन्हा चढला. ढोलवाल्यानं अलगद टिपरू लावलं, ट्रंपेटवाला आत शिरला, ताशा शिरला, आणि बघता बघता सगळा रस्ता उसळला! म्हाताऱ्या नाचल्या, हॉलचा आचारी झारा घेऊन बाहेर आला. मी गवंडी माणूस, मला रेघ सरळ लागते. त्यांच्या वाजवण्यात एक रेघ सरळ नव्हती आणि भिंत मात्र उभी राहत होती. माझी पिशवी कधी खाली पडली, मला समजलं नाही. अक्षता पडेस्तोवर मी मांडवातच होतो.

जेवणं उरकल्यावर ते माझ्या शेजारी येऊन बसले. पत्ती गालात. म्हणालो, "वाजवलं बरं. पण गोदेला नाचवलंत तुम्ही."

त्यांनी पत्ती डावीकडून उजवीकडे सरकवली. मग म्हणाले, "व्याहीबुवा, एक इचारू? तीस वर्सं मी हे गाणं धुंडून राहिलो. धर्माबादला ऐकलं, देगलूरला ऐकलं, इस्लापूरला तर तीनदा गेलो. कुठं पाटलाची सून म्हणतात, कुठं नुसती थोरली. गोदा कुणीच म्हणत न्हाई. गोदा फकस्त तुमच्या आईच्या तोंडी. कोण गोदा?"

माझ्या थोरल्या बहिणीचं नाव गोदा. मी चार वर्षांचा असताना ती तापानं गेली, अकरा वर्षांची होती म्हणतात. मला तिचं तोंड आठवत नाही. मी जन्मभर धरून चाललो होतो की गाण्यातल्या सुनेवरून आईनं तिचं नाव ठेवलं. उलटं असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. आईनंच गाणं बदललं होतं. तिच्या आधीच्या बाईनं तिच्या आधीचं बदललं असेल. आणि मी तीस वर्षं ह्या माणसाला गाणं बिघडवलं म्हणून शिव्या देत आलो.

मी त्यांना एवढंच म्हणालो, "माझी बहीण." त्यांनी तोंडातली पत्ती काढून हातात घेतली आणि पुढं काही मागितलं नाही. तिसरी पायरीसुद्धा मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुतलं, लेकीला चहा इतक्यात ठेवू नको म्हणून सांगितलं आणि मास्तरांच्या खोलीत जाऊन खाली बसलो. ते अंथरुणातच होते. म्हणालो, "उठा. तिसरी ऐका." मला आवाज नाही, पण म्हटली. तिसरी झाली, चौथी झाली, पाचवी, सहावी झाली. आणि सातवी येईना. आईचं तोंड दिसत होतं, जात्याचा खुंटा धरलेला हात दिसत होता, ओठ हलत होते, शब्द नाही. तीस वर्षं कुलपात ठेवलेली आणि आत काही नाही. मी भिंतीकडं बघत बसलो. मास्तर हसतील म्हणून वाट बघितली. ते हसले नाहीत. खोळीतून क्लारनेट काढत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. सहावी एकडाव परत म्हणा." मी सहावी म्हटली, आणि ती संपली तिथून त्यांनी सातवी वाजवली, हलक्या फुंकरीनं, घरातली बाकीची माणसं झोपलेली होती म्हणून. गोदा काय सांगून गेली ते मला शब्दात मांडता येणार नाही. ते थांबले. मी पुन्हा सहावी म्हणायला सुरुवात केली, म्हणजे त्यांना परत सातवी वाजवावी लागेल.