कप तिचा, बशी माझी

दुपारचे चार वाजत आले होते. गॅसवर चहाचं आधण ठेवून मी आलं किसत होते, तेवढ्यात प्रमिलाचा फोन आला. प्रमिला आमची तिसरी मैत्रीण, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. मरणाची बातमी कशी द्यावी हे तिला नोकरीनं जन्मभर शिकवलं होतं. पण त्या दिवशी तिच्या तोंडून एवढंच निघालं, "कुसुम... इमल गेली वं." मी गॅस बंद केला. किसलेलं आलं हातात तसंच होतं. चहाच्या वेळेलाच गेली... वेळ चुकवणं विमलला कधी जमलंच नाही.

विमलनं आणि मी वऱ्हाडातल्या मालेगावच्या एकाच शाळेत शिकवलं, एकाच गल्लीत घरं बांधली आणि मागेपुढेच निवृत्त झालो. तेव्हापासून चारची बैठक तिच्या ओसरीवर. तिच्याकडे निळ्या फुलांच्या कपबश्या होत्या, त्यांना ती मोलकरणीलाही हात लावू द्यायची नाही. प्रमिलाला साखर बंद, म्हणून तिचा चहा वेगळा, स्टीलच्या पेल्यात. आम्हा दोघींत मात्र एकच कप. 'अर्धा अर्धा घेऊ' म्हणायची आमच्याकडे रीतच आहे, पण ती पाहुण्यापुरती. आमची रोजची झाली. मी कपातला अर्धा चहा बशीत ओतायचा, बशी माझी, कपात उरेल तो तिचा. मला गरम सोसायचा नाही आणि तिला निवलेला चालायचा नाही. प्रमिला म्हणायची, "नवऱ्यासंग तरी असं जमलं होतं काय वं तुमचं?" जमलं नव्हतं, हे आम्हा तिघींनाही ठाऊक होतं.

विमलला एक वेड होतं. कधीतरी शाळेच्या कामानं नागपूरला गेलो असताना बसच्या खिडकीतून एक मोठं हॉटेल दिसलं होतं. काचेपलीकडे पांढऱ्या टेबलांभोवती बायका निवांत चहा पीत बसलेल्या. तेव्हापासून तिचा प्रश्न ठरलेला, "त्या बायका काय बोलत असतीन वं?"

"तुले काय करा लागते?" मी म्हणायचे.

"जाऊन पाहू एखांद्या दिवशी."

तो दिवस वर्षानुवर्षं आला नाही, आणि आला तो असा आला. नागपूरच्या डॉक्टरांनी तिचे रिपोर्ट पाहिले, चष्मा काढून ठेवला आणि सांगितलं, आता घरी न्या, मन होईल ते खाऊ-पिऊ घाला. आम्ही तिघी दवाखान्याच्या पायऱ्या उतरलो. माझ्या डोळ्यांसमोर पायरी दिसत नव्हती, आणि विमल म्हणते कशी, "डॉक्टरनं सांगतलं न, मन होईन ते द्या म्हनून? मंग चाला, चहा पेऊ." मला रागच आला. माणसाला सांगितलं काय आणि त्याला सुचतंय काय!

पण गेलो, त्याच हॉटेलात. आत थंडगार, पाय रुतेल असा गालिचा, बोटभर सँडविचची तीनमजली थाळी. विमलनं वेटरला सांगितलं, "आमाले दोघीत एकच आना." तो अदबीनं म्हणाला, इथे प्रत्येकाला वेगळा कप असतो. मग किटली आली, दूध वेगळं, साखर वेगळी. सगळं एकत्र करून दोघींचे कप भरले आणि मी सवयीनं माझा कप उचलला, अर्धा बशीत ओतला आणि कप तिच्यापुढे सरकवला. वेटरला वाटलं चहा सांडला. तो फडकं आणि नवी बशी घेऊन धावत आला. विमल इतकी हसली की तिला ठसका लागला. तिचा स्वतःचा अख्खा कप बाजूला तसाच निवत राहिला, त्याला कोणी हात लावला नाही.

शेजारच्या टेबलावर तशाच बायका बसल्या होत्या. विमलनं बराच वेळ कान दिला, मग माझ्याकडे वाकून म्हणाली, "गुडघे अन् सुना! आपलंच बोलून राह्यल्या वं त्या." आणि सरळ होऊन बसत, "म्हंजे आपलं काई सुटलं नव्हतं..."

मी म्हणाले, "दिवाळीले पुन्हा येऊ." तिनं 'हो' म्हणावं, एवढंच मला हवं होतं. खोटं का होईना. ती खोटंही बोलली नाही. कप उचलला आणि तळापर्यंत प्यायली.

दिवाळी तिनं पाहिली नाही. शेवटी शेवटी घोट उतरेना, तेव्हाही मी चार वाजता कपबशी घेऊन जायचे. ती खुणेनं सांगायची, तू पी. स्मशानातून माणसं परतल्यावर शेजाऱ्यांनी चहा आणला, कागदी कपात. त्याला बशी नसते. मी तो हातात धरून बसले आणि तसाच ठेवून दिला.

प्रमिलाला आता मुलानं पुण्याला नेलं आहे. जाताना म्हणाली, "येईन वं मी." ती येणार नाही, आणि आली तरी तिचा पेला वेगळा. लोक सांगतात, दिवस गेले की सवय होते. मला तसं काही दिसत नाही.

विमलच्या सुनेनं निळ्या फुलांची एक कपबशी मला दिली. अर्धाच कप चहा करून पाहिला, हाताला तो अंदाजच नाही. चार वाजता मी अख्खा करते, अर्धा बशीत ओतते आणि हात आपोआप कप पुढे सरकवतो. माझी बशी संपते. कपातल्या चहावर साय धरते. तिला निवलेला चालत नाही... मग मी उठते आणि तो मोरीत ओतून देते.