पांढरी राख

गंगाखेडात आमच्या शेजारी राहणारे ईश्वरअप्पा पलीकडच्या जिल्ह्यातल्या वीजकेंद्रात भट्टीवर कामाला होते. माणूस मोठा बोलघेवडा. चहाचा कप हातात आला की कुणी विचारो न विचारो, कोळसा कसा जळतो ते सुरू.

"आधी त्याचं पीठ करायचं, तोंडाच्या पावडरीवानी. गरम हवेनं भट्टीत फुंकलं की कणातला गॅस भक्कन पेटतो. मागं राहतो नुसता निखारा. तो वरून आत, दमादमानं जळतो. दाणा जाड राहिला, न्हाईतर हवा कमी पडली, की पोटात काळंच राहतं."

मग चिमूटभर राख बोटांत चोळून दाखवायचे. काळी निघाली तर कोळसा वाया, पांढरट निघाली तर काम चोख. त्या चोख राखेचा त्यांना भारी अभिमान. डबा भरून घरी आणायचे. त्यांची बायको शांतम्मा ती स्वयंपाकघरात बसून फडक्यातून चाळायची आणि भांडी घासायची. तिच्या तांब्यात तोंड बघून घ्यावं, असं आम्ही म्हणायचो. चाळताना धुरळा उडायचा म्हणून एकदा तिनं नाकाला पदर लावला, तर अप्पा हसले.

"मेलेली राख हाय ती. जळायचं ते समदं जळलंय. आता काय करती तुला?"

कामावर मात्र त्यांच्या स्वतःच्या नाकाला कायम फडकं असायचं. ते भ्यायचे काळ्या भुकटीला.

अप्पा निवृत्त झाले आणि शांतम्माला धाप लागायला लागली. अंगणातून घरात येईपर्यंत तिला मधेच बसावं लागे. परभणीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, सगळं विचारून घेतलं आणि सांगितलं, बारीक राख आत जाऊन बसली आहे. ती निघत नाही. आता दिवसेंदिवस दम कमीच होत जाणार.

मला अप्पांचा फार राग येतो. पण रागवायचं कुणावर? ते बोलायचेच बंद झालेत.

रोज सकाळी इष्टलिंगाची पूजा झाली की ते तिच्या कपाळाला विभूती लावतात. हल्ली आधी पाण्यात कालवून घेतात, एक कणही उडू नये म्हणून. परवा मी तिथंच होतो. शांतम्मा विभूतीकडे बघत होती. श्वास घेत घेत तिनं विचारलं,

"आवो, ती राख... मेलेली व्हती न्हवं?"

आवाजात तक्रार नव्हती. ती खरंच विचारत होती. अप्पा ओल्या बोटांनी तिच्या कपाळावर नुसते पट्टे ओढत राहिले.