ओरिआनोचा एकाहत्तरावा सामना

जावई हा दहावा ग्रह म्हणतात. माझा ग्रह पान्हा घेऊन आला. बोर्गो गावातल्या माझ्या बारमध्ये कॉफीच्या यंत्राखालचा पाइप फुटला होता, तेव्हा हा चोवीस वर्षांचा ओरिआनो आला आणि तासाभराचं काम त्याने तीन दिवस पुरवलं. तिसऱ्या दिवशी मी वाकून बघते तर पाइप केव्हाच जोडून झालेला, आणि हा पठ्ठ्या जमिनीवर आडवा पडून माझ्या लोरेल्लाशी गप्पा मारतोय. "झालं का जावईबापू?" असं मी तेव्हा टोमण्याने विचारलं. पुढच्या वर्षी ते खरं झालं.

ओरिआनो प्लंबर आहे आणि देशाच्या फुटबॉल संघात पुढच्या फळीत खेळतो. आमच्याकडे हे असंच असतं. गोलरक्षक बँकेत बसतो, बचावफळीतला एक जण शाळेत भूगोल शिकवतो, आणि सगळे संध्याकाळी कामावरून सुटले की सरावाला पळतात. सामना हरून रात्रीच्या विमानाने परत आलेला ओरिआनो सकाळी आठला कुणाच्या तरी बेसिनखाली पाठीवर पडलेला असतो.

आता पुढच्या फळीतल्या माणसाचं काम काय? गोल करणं. सत्तर सामन्यांत ओरिआनोने एकही केला नव्हता. दोष सगळा त्याचा नाही. चौतीस हजार वस्तीचा देश आमचा, समोर येणारे संघ आडदांड, चेंडू आमच्या अर्ध्यातून बाहेर पडला तरी आम्ही देवाचे आभार मानतो. आमच्या संघाला कॉर्नर मिळाला की सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवतं. पहिल्या अर्ध्यात दोनच गोल खाल्ले तर माझ्या बारमध्ये एकमेकांना वाइन पाजतात. पण एकदा, फक्त एकदा, उत्तरेकडच्या कुठल्याशा गारठलेल्या देशात ओरिआनोचा फटका गोलच्या खांबाला लागला होता. झालं! तेव्हापासून गावाला विषय मिळाला.

"काय ओरिआनो, खांबाची तब्येत बरी आहे ना?" पत्ते पिसता पिसता कुणीतरी विचारणारच.

घरोघरच्या बायका तर त्याच्या डोक्यावरच उभ्या. "आमचा नळ गळायचा थांबवतोस, मग आपल्या गोलमधली गळती कधी थांबवणार रे?"

बेसिनखालून उत्तर येतं, "ताई, तिकडे टाकीच फुटलीय. नळाला का बोल लावता?"

तो चिडत नाही. मी चिडते. माणसाने थोडं तरी मनाला लावून घ्यावं की नाही? नऊ गोलांनी हरून आलेला माणूस दारातून आत येतो आणि लग्नाला जाऊन आल्यासारखा चेहरा करून सांगतो, "आई, आज आपल्याला दोन कॉर्नर मिळाले!" अशा माणसावर रागवायचं तरी कसं? मला तो फार आवडतो. चौदा वर्षांत त्याच्या तोंडावर मी हे एकदाही म्हटलेलं नाही, कारण जावयाला डोक्यावर बसवलं की तो तिथेच घर बांधतो.

या शरद ऋतूत त्याने सांगून टाकलं की नोव्हेंबरचा लालवाल्यांविरुद्धचा, म्हणजे आमच्या गटातल्या लाल जर्सीवाल्या संघाविरुद्धचा, सामना आपला शेवटचा. वय अडतीस, गुडघे त्याहून म्हातारे. एकाहत्तरावा सामना, मग बस्स. मला वाटलं, चला, एक केक करावा, दोन शब्द बोलावे, संपलं. पण मध्ये उबाल्दो मास्तर पडले.

उबाल्दो मास्तर म्हणजे आमच्या शाळेतले निवृत्त गणिताचे शिक्षक. एका कॉफीवर दोन तास बसतात आणि जगातल्या सगळ्या संघांचे गुण वहीत मांडतात. सामन्याच्या आठवडाभर आधी त्यांनी माझ्या काउंटरवर साखरेच्या पुड्या ओळीने मांडल्या आणि खाकरले.

"मंडळी, ऐका. विश्वचषकाला जायची दारं दोन. समोरच्या दाराने गटातला पहिला थेट जातो, आणि दुसऱ्याला प्ले-ऑफची परीक्षा द्यावी लागते."

"आपण पाचवे," मी म्हटलं. "पाचातले पाचवे. पुड्या उचला."

"थांबा हो देर्नाबाई! मागचं दार आहे ना. गेल्या वर्षी छोट्या देशांच्या स्पर्धेत आपण आपला गट जिंकलो, आठवतंय?"

आठवतंय का म्हणे! बारमधल्या खुर्च्या मोडेपर्यंत लोक नाचले होते.

"तसे गट जिंकलेल्या, पण समोरच्या दाराने न गेलेल्या संघांची एक रांग आहे. रांगेतले पहिले चार प्ले-ऑफला जातात. आपण त्या रांगेत पाचवे." मास्तरांनी पाचव्या पुडीवर बोट ठेवलं. "आणि चौथे कोण? आपल्याच गटातले लालवाले! ते गटात दुसरे आले, तर समोरच्या दाराने आत जातील आणि रांगेतून उठतील. मग चौथे आपण."

पत्ते थांबले.

"मग ते दुसरे कसे येतील?" कुणीतरी विचारलं.

"आज दुसरे आहेत हिरवेवाले. ते रविवारी संध्याकाळी हरले पाहिजेत, म्हणजे लालवाले जिंकले की दोघांचे गुण सारखे होतील आणि गोलांचा फरक मोजला जाईल. आणि त्याच वेळी लालवाल्यांनी आपल्याला..." मास्तरांनी चष्मा काढून पुसला, "सहा गोलांच्या फरकाने हरवलं पाहिजे."

बारमध्ये असा हर्ष उसळला की विचारू नका. आयुष्यभर आम्ही जी विद्या घोटून पाठ केली तीच नेमकी परीक्षेला आली होती! सहा गोलांनी हरायचं? हे तर आम्ही झोपेतही करतो. ज्या देशाने कधी प्ले-ऑफचं तोंड पाहिलं नाही, तो देश हरून तिथे पोचणार होता.

संघाच्या प्रशिक्षकाला हा वाह्यातपणा मुळीच मान्य नव्हता. जो मुद्दाम हरेल त्याला सामना संपायच्या आत घरी पाठवीन, असं त्याने सगळ्यांना बजावलं. पण गावाला कोण बजावणार? आठवडाभर ओरिआनो ज्या ज्या घरात पाइप जोडायला गेला, तिथे त्याला एकच उपदेश मिळाला: बाबा रे, सत्तर सामने गोल मारला नाहीस, आता एकाहत्तराव्यात अवदसा आठवू देऊ नकोस. आपण एक गोल मारला की त्यांना सात मारावे लागतील. तो हसायचा आणि पान्हा फिरवायचा.

रविवारी दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो. मला नि लोरेल्लाला रश्शातल्या, सारण भरलेल्या पास्त्याच्या कापेलेत्ती, त्याला सामन्याच्या दिवशीचा पांढरा भात, वर तेल आणि किसलेलं चीज. आणि माझी जीभ! तिला हाड नाही, हे मला साठ वर्षांपासून माहीत आहे.

"ओरिआनो," मी म्हटलं, "आज चेंडू आलाच समोर, तर बाहेर मार हो."

"आई, सत्तर सामने बाहेरच मारतोय की! त्यात नवीन काय?"

बोलला गमतीतच. पण नंतर त्याने भात अर्धा टाकला, बूट उचलले आणि निघून गेला. या माणसाने माझ्या घरी ताटात अन्न टाकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

लोरेल्लाने चमचा आपटला. "असं बोलायला त्याला सबंध देश पडलाय, आई. तुला तरी गप्प बसता आलं असतं."

"मी काय वाकडं बोलले? सगळे म्हणतात ते—"

"सगळ्यांकडे तो भात खायला जात नाही. तो तुझ्याकडे येतो."

मी भांडी घासायला उठले. तिचं बरोबर होतं, म्हणून मला तिचा फार राग आला.

संध्याकाळी सहाला सेर्रावाल्लेच्या स्टेडियममध्ये मी, लोरेल्ला आणि कानात रेडिओची बोंडी घातलेले उबाल्दो मास्तर. हिरव्यांचा सामना तिकडे त्यांच्या कानात चालू होता, आमचा इकडे डोळ्यांसमोर. पहिल्या अर्ध्यात तीन गोल खाल्ले. मास्तरांनी वहीत तीन रेघा ओढल्या आणि म्हणाले, "उत्तम! आणि हिरवे एकाने मागे आहेत." दुसऱ्या अर्ध्यात चौथा, पाचवा, आणि सामना संपायला पंधरा मिनिटं असताना सहावा. सहाव्याला आमच्या लोकांनी अशा काही टाळ्या वाजवल्या, की तो गोल मारणारा लालवाला दचकून मागे वळला. आपण चुकून आपल्याच जाळ्यात तर नाही ना मारला, असं त्याला वाटलं असावं.

"जमलं," मास्तर पुटपुटले. "आता फक्त असंच राहू द्या."

दहा मिनिटं उरली असताना प्रशिक्षकाने ओरिआनोला आत पाठवलं. सगळे उठून उभे राहिले, टाळ्या, शिट्ट्या, त्याच्या नावाचा गजर. शेवटचा सामना ना त्याचा. आणि हीच मंडळी आठवडाभर त्याला सांगत होती की बाबा, काही करू नकोस. त्याने हात वर केला आणि धावायला लागला. गुडघ्यांमुळे तो जरा फताडा धावतो. मला एकदम भरून आलं, आणि दुपारचा तो अर्धा टाकलेला भात आठवला.

चार मिनिटं राहिली होती. लालांच्या एका बचावपटूने आपल्या गोलरक्षकाकडे चेंडू मागे सरकवला. सहा गोलांची मस्ती. बघितलंही नाही नीट. चेंडू अर्ध्या वाटेत रेंगाळला. आणि तिथे ओरिआनो होता.

समोर फक्त गोलरक्षक. दुसरं कुणी नाही.

मला वाटतं, त्या क्षणी आम्ही सगळे जण एकाच वेळी वही आठवत होतो. आणि मग कुणीतरी किंचाळलं, "मार! ओरिआनो, मार रे!" आवाज चिरका, म्हाताऱ्या बाईचा. लोरेल्ला माझ्याकडे बघत राहिली तेव्हा मला कळलं की ती म्हातारी मीच. आणि माझ्या मागून, बाजूने, समोरून, सगळीकडून तेच, "मार! मार!"

त्याने मारला. फटका म्हणावा असा नव्हताच तो. चेंडू गोलरक्षकाच्या पायांमधून निघाला आणि इतका सावकाश गडगडत गेला, की त्याच्या मागे धावत जाऊन त्याला ढकलावंसं वाटत होतं. पण गेला. रेघ ओलांडून आत गेला.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण उबाल्दो मास्तर, ज्यांनी चाळीस वर्षं वर्गात कुणाला मोठ्याने हसू दिलं नाही, ते वही हवेत फेकून माझ्या गळ्यात पडले, मग माझ्यापलीकडच्या पोलिसाच्या गळ्यात पडले, आणि मग परत माझ्या. लोरेल्ला बाकावर बसून ढसाढसा रडत होती आणि हसत होती. म्हातारे नाचत होते. एका बाईने आपली टोपी मैदानात भिरकावली, मग दुसऱ्यांच्याही. मी काय केलं मला आठवत नाही. घसा मात्र चार दिवस बसला होता.

सबंध स्टेडियममध्ये एकटा ओरिआनो नाचत नव्हता. डोक्याला हात लावून उभा होता. मग बँकेतला गोलरक्षक आपलं जाळं उघडं टाकून मैदानभर पळत आला आणि त्याच्या अंगावर पडला, त्याच्यावर भूगोलवाला, त्याच्यावर बाकीचे.

उरलेल्या मिनिटांत लालवाले चवताळून आमच्यावर तुटून पडले. एक गोल, फक्त एक गोल त्यांना हवा होता, आणि वहीप्रमाणे आम्हालाही. पण बँकवाल्याने असे दोन चेंडू अडवले की जन्मात अडवले नसतील, आणि आम्ही वेड्यासारखे त्यालाच टाळ्या देत होतो. वही कुणाच्या तरी पायाखाली होती.

शिट्टी वाजायच्या सुमारास मास्तरांनी कानाला बोट लावलं. "देर्नाबाई," ते हळूच म्हणाले, "हिरव्यांनी शेवटच्या क्षणी बरोबरी साधली. आपण सहाने हरलो असतो, साठाने हरलो असतो, तरी दार बंदच होतं."

तेवढ्यात ओरिआनो कठड्यापाशी आला. गुडघे मातीने भरलेले, तोंड एवढंसं झालेलं. त्याला हिरव्यांचं काही माहीत नव्हतं.

"आई," तो म्हणाला, "तुम्ही सांगितलं होतंत. पण चेंडू समोर आला आणि... मला नाही जमलं बाहेर मारायला. सगळ्यांचं दार बंद केलं मी."

मास्तर तोंड उघडतच होते. मी त्यांच्या पायावर पाय दिला, चांगला जोरात. ती बातमी त्याला आधी कळली असती, तर त्याला जन्मभर वाटलं असतं की हिरव्यांमुळे आपला गोल माफ झाला. आणि त्यात माफ करण्यासारखं काही नव्हतंच.

मी कठड्यावरून वाकून त्याचं घामेजलेलं तोंड दोन्ही हातांत धरलं. "बंद केलंस ते फार चांगलं केलंस," मी म्हटलं. "दुपारी मी बोलले ते चुकीचं बोलले. मला प्ले-ऑफ नको होतं रे. मला तुझा गोल हवा होता. आणि तू मला फार आवडतोस, हे एकदा ऐकून ठेव, मी पुन्हा सांगणार नाही."

त्याने मातकट बाहीने डोळे पुसले.

मग मी मास्तरांच्या पायावरचा पाय उचलला, आणि त्यांनी त्याला हिरव्यांचं सांगितलं.