बाळंतिणीचं ताट

लोकांच्या खाण्यापिण्यावर संशोधन करणारी ती बाई आमच्या घरी यायला लागली, तेव्हा माझी धाकटी जेमतेम आठवड्याची होती. कोणत्या घरात बाळंतिणीला काय खायला घालतात आणि ती बाळाला कसं पाजते, हे तिला लिहून काढायचं होतं. बोलणं गोड, साडी कडक इस्त्रीची. मला ती पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको झाली होती. आजही तिची आठवण आली की माझं डोकं फिरतं.

चिकलठाण्याला कंपन्यांच्या मागे आमच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत मी आणि पोर, बाहेरच्या खोलीत सासू. पहिलं बाळंतपण माहेरी पाचोडला झालं होतं, हे दुसरं सासरी; थोरली तेवढे दिवस आईकडेच होती. दुसरीही मुलगीच म्हटल्यावर सासूचं तोंड जे वाकडं झालं ते वाकडंच राहिलं. आईने बाजारातून खारीक, खोबरं, डिंक, हळीव आणून लाडू वळले आणि भावाच्या हाती डबा भरून पाठवला. तो डबा सासूने ट्रंकेत ठेवला आणि कुलूप लावलं.

बाई दुपारी यायची. सासू तिच्यासमोर माझं ताट वाढायची. बाजरीची भाकरी, वर तुपाची धार, शेपूची भाजी, कडेला दोन लाडू. बाई पिशवीतून छोटा काटा काढून एकेक जिन्नस तोलायची आणि लिहून घ्यायची. मग सासू ताटावर पदर धरायची. "बाळंतिणीच्या जेवणाकडं परक्यानं बघू नाय, ताई. दिष्ट लागती, दूध आटतं." बाईला ही रीत फारच आवडली होती. आमच्या चालीरीतींचा मान राखल्याच्या समाधानात ती रस्त्याच्या दाराकडे तोंड करून बाहेरच्या खोलीतच बसायची.

सासू ताट घेऊन आत यायची. लाडू पदराआड जायचे, तुपाची भाकरी झाकून ठेवली जायची आणि माझ्यापुढे सकाळची अर्धी भाकरी आणि पाण्यासारखं वरण यायचं. लाडू खुलताबादच्या नणंदेसाठी राखून ठेवलेले. तिचे दिवस भरत आले होते आणि तिला मुलगाच होणार, हे सासूने ठरवूनच टाकलं होतं. थोड्या वेळाने रिकामं ताट बाहेर जायचं. बाई खूश.

पोर चोखायची, सोडायची आणि किंचाळायची. तिला पुरतच नव्हतं. तिच्या मांड्यांची कातडी लोंबायला लागली. पोर हातची जाते की काय, या भीतीने माझा जीव उडालेला. नवऱ्याला सांगितलं, तर म्हणाला, "बायकांच्या भानगडीत मला वढू नको."

एकदा बाई पोरीला बघायला आत आली, तेव्हा सासू उंबऱ्यात बसलेली असतानाच मी धीर करून बाईला म्हटलं, "मला लई भूक लागती."

"लागणारच. पाजणाऱ्या आईला भूक लागतेच," बाई हसली आणि तेही लिहून घेतलं. मग पोरीकडे बघून म्हणाली, "खाणं तर उत्तम आहे तुमचं. मग बाळ का भरत नाही? पाजायचा कंटाळा करता का?"

सासूने लगेच सुस्कारा टाकला. "काय सांगावं ताई, पोरगी झाली म्हणून हिचं मनच नाय."

दोघींच्या झिंज्या उपटाव्यात, असं वाटलं मला. शिकलेल्या बाईला ताट तोलता येत होतं, पण माझ्या गळ्याची वर आलेली हाडं दिसत नव्हती.

तिचं काम संपलं त्या दिवशीही तिने ताट तोललं, ते रिकामं परत गेलं आणि निघताना ती सासूच्या पाया पडली. "सुनेची इतकी काळजी घेणारी सासू मी कुठे पाहिली नाही." सासू विरघळली. तिने ट्रंक उघडली, माझ्या आईचा डबा काढला आणि बाईसाठी कागदात लाडू बांधायला बसली. "घेऊन जा ताई, घरी लेकरान्ला."

सव्वा महिना बाळंतिणीने बाहेरच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, असं आमच्यात होतं. मी पोर छातीशी धरून बाहेर आले, सासूपुढचा डबा ओढला आणि बाईच्या डोळ्यांदेखत एक लाडू तोंडात कोंबला.

"अगं, दिष्ट लागंल!" सासू ओरडली.

"लागू द्या. उपाशी पोरीला आणखी काय लागायचं ऱ्हायलंय?"

बाई गडबडली. "अहो, बेतानं खा. आजचे दोन झालेत ना तुमचे?"

"एक बी नाय. ह्या घरात आजपोतर एक बी लाडू माझ्या तोंडात गेला नाय."

बाईने सासूकडे पाहिलं. सासूने पदर डोळ्यांना लावला. मी डबा घेऊन आत गेले, कडी घातली, पोरीला पाजायला घेतलं आणि दुसरा लाडू फोडला. बाहेर बाई सासूची समजूत काढत होती.

"मनावर घेऊ नका, मावशी. बाळंतपणात बायका असं काहीबाही बोलतात."